चालू शे ना? मंग ऱ्हाऊ दे!

14 ऑक्टोबर 2025, मंगळवार. मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी विंडोज 10 ची जबाबदारी सोडली. पुढच्याच मंगळवारी लक्ष्मीपूजन. भडगावच्या बाजारपेठेत चोपडीशेजारी संगणकालाही हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला, समोर पेढा ठेवला गेला. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या यंत्राची इतकी साग्रसंगीत पूजा आणखी कुठे होते?

जबाबदारी सोडली म्हणजे काय झालं? काहीच नाही.

बुधवारी बटण दाबलं, यंत्र सुरू झालं. टॅली उघडली, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नेहमीसारखा करकरला, बिल निघालं. गडबड इथेच आहे. बंद पडलं असतं तर दुकानदाराने त्याच दिवशी माणूस बोलावला असता. चालू राहिलं, म्हणून खान्देशी निकाल लगेच लागला: 'चालू शे ना? मंग ऱ्हाऊ दे!'

या निकालाला हसू नका. देशातल्या बँका याच निकालावर चालल्या. विंडोज एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. एटीएममधून ती टप्प्याटप्प्याने हटवा, असं तारखा घालून सांगायला रिझर्व्ह बँकेला जून 2018 उजाडला. शेवटची मुदत दिली जून 2019 ची. मधल्या काळात नोटाबंदीही होऊन गेली. रांगेत उभं राहून आपण दिल्लीला शिव्या घातल्या. समोरच्या यंत्राचं वय कुणी विचारलं?

आणि विंडोज 10 ही तर शेवटचीच विंडोज होती ना? कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने 2015 मध्ये भर परिषदेत तसं सांगितलं होतं. 5 ऑक्टोबर 2021 ला अकरावी आली. 'ही माझी शेवटची निवडणूक' म्हणणारे पुढारी आपल्याकडेही आहेत. दर पाच वर्षांनी भेटतात.

एमएस-सीआयटी केलेल्या पिढीला याचं नवल नाही. कुणी एक्सपीवर शिकलं, कुणी सातवर, कुणी दहावर. सर्टिफिकेट लॅमिनेट करून फायलीत ठेवलं. सरांनी पहिल्या दिवशी दाखवलेलं स्टार्ट बटण आठव्या विंडोजमध्ये गायब झालं, लोकांनी आरडाओरड केल्यावर परत आलं आणि अकराव्या विंडोजमध्ये कोपरा सोडून मध्यभागी जाऊन बसलं. लॅमिनेशन तेवढं जागच्या जागी आहे.

आता सगळ्यात जास्त कोण हळहळतंय ते पाहा.

ज्याने विंडोज कधी विकत घेतलीच नाही, तो.

तालुक्याच्या गावात विंडोज विकत घेत नाहीत, मारतात. 'विंडोज मारून दे' म्हटलं की एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन येतो, चहा पितो, चार-पाचशे रुपये घेतो. त्याच पैशात ऑफिस मारून देतो, फोटोशॉपही मारून देतो. 'ओरिजिनल आहे ना रे?' असं विचारलं की दुखावतो. 'ओरिजिनलच आहे दादा, फक्त ॲक्टिव्हेशन क्रॅकने केलंय.'

क्रॅक चालवायची पहिली अट काय? अँटिव्हायरस बंद करा. आपण करतो. परत सुरू करायचं राहून जातं. जाता जाता पोरगा अपडेटही बंद करून जातो, 'नाही तर ॲक्टिव्हेशन उडेल दादा.' अशी चार वर्षं जातात. मग एके दिवशी आपण गंभीर चेहरा करून त्याच पोराला विचारतो, 'आता सुरक्षा अपडेट येणार नाहीत म्हणे. आपल्या डेटाचं कसं होणार?'

पैसे दिले नाहीत, अपडेट घेतलं नाही, दुःख मात्र ओरिजिनल.

कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंची गोष्ट ऐका. 2015-16 मध्ये विंडोज 10 फुकट वाटली जात होती आणि नको म्हणणाऱ्यांच्याही यंत्रात शिरत होती. बाईंच्या संगणकातही न विचारता शिरली, यंत्र रखडलं, धंदा बसला. त्या कोर्टात गेल्या आणि मायक्रोसॉफ्टकडून 10,000 डॉलर वसूल करून आल्या. आपणही जाऊ की कोर्टात! फक्त वकील पहिल्यांदा पक्कं बिल मागेल.

तिथेच खटला निकाली.

तहसील कचेरीच्या आसपासचं कुठलंही सेवा केंद्र घ्या. लाडकी बहीणची ई-केवायसी, शेतकरी ओळखपत्र, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, सगळं एका संगणकावर. शेवटच्या तारखेला रांग रस्त्यापर्यंत. नेमका तेव्हा पडदा निळा होतो आणि टक्के मोजायला लागतो.

'काय व्हयनं रे दादा?'

'अपडेट व्हई ऱ्हायनं आबा.'

'मंग जेईसन येऊ का?'

'जेईसन या. झोपीसन बी या.'

चौतीस टक्क्यांवर लाईट जाते. यूपीएसची बॅटरी दोन पावसाळ्यांपूर्वीच गेलेली असते. केंद्रचालक उठून बाहेर येतो आणि महाराष्ट्रातलं सर्वात विश्वासार्ह वाक्य उच्चारतो: 'सर्व्हर डाऊन आहे.' रांग मान डोलावते. सर्व्हरने आजवर किती जणांची पापं पोटात घेतली असतील?

या केंद्रचालकाला 'अपग्रेड कर' असं सांगणाऱ्याने आधी त्याचं टेबल पाहावं. अंगठ्याचं मशीन, त्याचा ड्रायव्हर, डिजिटल सहीचं टोकन, वेबकॅम, जुना स्कॅनर आणि त्याहून जुना प्रिंटर. यातलं एकही बिनसलं की दुकान बंद. अंगठ्याचं मशीन तर मध्यंतरी सगळ्यांनाच बदलावं लागलं. जुनं एल-झिरो चालेना, नवं एल-वन घ्या. जुन्याने अंगठे ओळखायचं सोडलं नव्हतं. त्यालाच ओळख देणं बंद झालं.

मग करायचं काय? अपडेट घ्यायचं की नाही?

मे 2017 आठवा. वॉनाक्राय नावाचा व्हायरस दीडशे देशांत पसरला, फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागायला लागला. इंग्लंडमधली इस्पितळं खोळंबली. ज्या भोकातून तो शिरत होता, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. बाधित यंत्रांत सर्वाधिक होती विंडोज 7. तिचा सपोर्ट तेव्हा चांगला धडधाकट होता. औषध घरात होतं, घेतलं कुणी?

म्हणजे अपडेट घ्यावं. ठरलं!

थांबा, जून 2017 राहिला. जळगाव जिल्ह्याची केळी ज्या न्हावाशेवाहून परदेशी जातात, त्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने ठप्प केलं. हा आला कुठून? युक्रेनमधल्या कर भरायच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ज्यांनी इमानेइतबारे अपडेट घेतलं, त्यांच्याकडे आधी पोहोचला. मग वॉनाक्रायचंच भोक शोधत इतरांकडे गेला.

आणि 19 जुलै 2024? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले 85 लाख विंडोज संगणक आडवे झाले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. भडगावात पानही हललं नाही. एवढं महागडं संरक्षण परवडतं कुणाला?

कंपनीची स्वतःची कामगिरीही पाहून घ्या. विंडोज 10 ला निरोप दिला त्याच 14 ऑक्टोबरला विंडोज 11 साठी एक अपडेट सुटलं. यंत्र बिघडलं तर दुरुस्तीसाठी जो खास पडदा उघडतो, त्यावर यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड या अपडेटने निकामी केला. इतर वेळी दोन्ही ठणठणीत. दुरुस्तीलाच हात बांधलेले. तोडगा आला 20 ऑक्टोबरला. पहिल्याच दिवशी धावत जाऊन अपडेट घेणाऱ्यांचं दिवाळीचं फराळ संगणकासमोरच झालं असेल.

म्हणून अपडेट घ्यायचंच, पण वरातीत पहिल्या रांगेत नाचायचं नाही. आठ दिवस दुसऱ्यांना नाचू द्या.

अकरावी विंडोज घ्यायची म्हटली तरी ती सगळ्यांना घेऊ देतात कुठे? तिला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप लागते. चार जीबी रॅम लागते, आणि चार जीबीत ती कशी चालते हे सांगणाऱ्याने एकदा वापरून पाहावं. खरी मेख प्रोसेसरची. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, म्हणजे साधारण 2017 नंतरचा. तुमचा आय-फाइव्ह 7400 असेल तर सातवी पिढी, नापास. 8400 असेल तर पास. नापास झालेल्यालाही काल संध्याकाळपर्यंत सगळं येत होतं, ही गोष्ट वेगळी.

सातव्या पिढीला सरसकट बंदी आहे का? छे! सातव्या पिढीचा एक प्रोसेसर मायक्रोसॉफ्टने यादीत घेतला. तो कुठे बसवलेला होता? मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ 2 या महागड्या संगणकात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण त्यांच्या मुख्यालयात, रेडमंडलाही पोहोचलेली दिसते.

कॅनालिस या बाजार अभ्यासणाऱ्या कंपनीने 2023 मध्ये अंदाज बांधला होता: विंडोज 10 बंद झाल्यावर जगातले 24 कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. भंगार म्हणजे कुणाच्या लेखी? पुण्या-मुंबईच्या कंपन्या जे यंत्र काढून टाकतात, ते पुसूनपासून 'रिफर्बिश्ड' म्हणून चाळीसगाव-पाचोऱ्याच्या वाटेने आपल्याकडे येतं. आताही येईल, आणि स्वस्तात येईल. भाव ऐकून हुरळण्याआधी पिढीचा आकडा वाचा. शहराने अपग्रेड केलं की तालुक्यात डाऊनग्रेडची दिवाळी असते.

विंडोज मारणाऱ्या पोराकडे यावरही इलाज आहे. तपासणी चुकवून तो नापास यंत्रावरही अकरावी चढवून देतो. चढते, चालते. कंपनी मात्र आधीच सांगून मोकळी झाली आहे: अशा यंत्राला अपडेट मिळतील याची हमी नाही. म्हणजे ज्या अपडेटसाठी हा खटाटोप केला, त्याचीच खात्री नाही. वर पुन्हा पाचशे रुपये.

'पण संगणक फार स्लो झालाय हो, म्हणून नवी विंडोज टाकतोय.' हे एक लाडकं कारण. साहेब, संगणक जुन्या हार्डडिस्कमुळे स्लो आहे. एसएसडी बसवा, तीच विंडोज पळेल. पण मग 'नवं घेतलं' असं शेजाऱ्याला सांगता येत नाही.

डीटीपीवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. पेजमेकर 2001 मधला, श्रीलिपी त्याच सुमाराची, तिचं डोंगल जपून मागे लावलेलं. या त्रिकुटावर तालुक्यातली निम्मी लग्नं लागली. इथे विंडोज बदलली की डोंगल ओळख दाखवत नाही, किंवा 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला उमटतो. युनिकोड आलं, विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड 2019 मध्येच आला. पण पत्रिकेची वेलबुट्टी जुन्या फाइलीत, जुनी फाइल जुन्या फाँटमध्ये, आणि मुहूर्त परवा. त्याला अपग्रेड सुचवायला जाणारा माणूस चहाविना परत येतो.

बरोबरच आहे त्याचं. ते यंत्र बदलू नका. त्याची इंटरनेटची वायर काढा. व्हॉट्सॲप मोबाइलवर पाहा. एवढं केलं की सपोर्ट संपल्याचं त्याला कळणारही नाही. जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या संगणकालाही हाच नियम. त्याने क्विंटल मोजावेत, फेसबुक पाहू नये.

'मग लिनक्स का नाही?' हा प्रश्न विचारणारा एक तरुण प्रत्येक गावात असतो. तो बरोबर असतो आणि एकटा असतो. केरळने सरकारी शाळांतले संगणक दीड दशकापूर्वीच मुक्त सॉफ्टवेअरवर नेले आणि तिथली पोरं त्यावर दहावी होऊन बाहेर पडली. आपल्या सी-डॅकने बॉस नावाची भारतीय लिनक्स 2007 मध्ये आणली. तुमच्या तालुक्यात कुठल्या टेबलावर पाहिलीत?

टॅली तिच्यावर सरळ चालत नाही, श्रीलिपी चालत नाही, अंगठ्याचं मशीनही बहुतेक वेळा विंडोजच मागतं. म्हणजे दुकानदार आणि सेवा केंद्र बाद. पण शाळा? झेडपी शाळेतल्या संगणकावर पोरांनी चित्र काढायचं, टायपिंग करायचं, नेट पाहायचं. हे सगळं लिनक्सवर फुकट होतं, आणि नापास झालेल्या यंत्रावर होतं. अडचण एकच: त्यासाठी आधी संगणकावरचं कापडी कव्हर काढावं लागेल.

ज्यांना आत्ता बदलायचंच नाही त्यांच्यासाठी कंपनीने वर्षभराची मुदतवाढ ठेवली आहे. ईएसयू तिचं नाव. घरगुती यंत्रासाठी 30 डॉलर भरा, नाही तर त्यांचे हजार रिवॉर्ड पॉइंट द्या, नाही तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंगचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवा, म्हणजे फुकट. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज केला, तिथे बॅकअपची अट गळाली. आपल्याकडे ग्राहक संघटना आवाज करते तेव्हा तो 24 डिसेंबर असतो, राष्ट्रीय ग्राहक दिन. हार, सत्कार, अल्पोपाहार.

फुकटाचा रस्ता सोपा दिसतो. सेटिंग्जमध्ये जा, अपडेटचं पान उघडा, नोंदणीच्या दुव्यावर क्लिक करा. मग ते अकाउंट मागतात. अकाउंट पोराच्या नावाचं. पोरगा हिंजवडीत. ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि मोबाइल मीटिंगमध्ये. संध्याकाळी त्याचा फोन येतो, 'बाबा, कुठल्याही लिंकवर क्लिक करू नका.'

पोरगाही चुकत नाही. सपोर्ट संपल्याची बातमी भामट्यांनीही वाचली आहे. 'सर, तुमची विंडोज एक्स्पायर झाली' असा हिंदीतून फोन आला तर तो मायक्रोसॉफ्टचा नाही, हे गल्लीतल्या सगळ्या अण्णा-आप्पांना सांगून ठेवा. मायक्रोसॉफ्ट कुणाला फोन करत नाही. आपण केला तरी उचलत नाही.

तर निकाल ऐका. ज्या यंत्रावर दुसऱ्याचा आधार, दुसऱ्याचा अंगठा, दुसऱ्याचे पैसे हाताळले जातात, त्याला 'चालू शे ना' हा सिद्धांत लागू नाही. ते अकरावर न्या, नसेल जात तर बदला, आणि त्यात तरी ओरिजिनल विंडोज घाला. विंडोज 10 ओरिजिनल असेल आणि यंत्र पात्र असेल तर अकरावी फुकट आहे, वेगळे पैसे मागणाऱ्याला दारातूनच चहा पाजून परत पाठवा. टॅलीचं यंत्र नेटवर असेल, जीएसटी त्यावरूनच भरत असाल, तर तेही याच रांगेत. बाकीच्यांनी वायर काढावी आणि निवांत राहावं.

घरगुती मुदतवाढीची तारीख 13 ऑक्टोबर 2026. तोवर जे काही ठरवायचं ते ठरवा. पण टॅलीचा बॅकअप आजच घ्या, आणि कृपा करून तो त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवू नका.